बारदान वजा जाता

शांतादेवी पट्टणशेट्टींनी नोकरीची सगळी वर्षं अकरावीच्या पोरांना भौतिकशास्त्रातली एकच गोष्ट घासून घासून शिकवली. नुसतं बल लावलं म्हणजे कार्य झालं असं समजू नका. बल किती, वस्तू सरकली किती आणि कुठल्या दिशेला सरकली, या तिन्हींची गाठ पडली तर कार्य. नाहीतर नुसता घाम. कोल्हापुरातल्या त्यांच्या कॉलेजात बाईंचा धाकच असा, की व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की मागच्या बाकावरच्या गप्पा आपोआप बंद पडायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात कुणी रडलं नाही. रडणारी माणसं त्यांनाही फारशी आवडत नाहीत.

त्यांचे यजमान चन्नाप्पा म्हणजे दुसरं टोक. मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आणि आवाज असा, की सौदा इथं निघाला तर पार गडमुडशिंगी गावात ऐकू जावा. घरीदारी सगळे त्यांना अप्पाच म्हणत. शाळा सातवीवर सुटलेली, पण काट्याला माणूस पक्का. शेतकऱ्याचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, त्यांच्या दुकानात कधी तोळाभरही कमी भरला नाही. "मापात पाप नको," हे त्यांचं पालुपद. कुणी विचारो न विचारो, दिवसातनं एकदा तरी ते म्हणणारच.

अशा माणसाच्या डाव्या अंगावरून ऐन उन्हाळ्यात वारं गेलं. सकाळी लिंगपूजा आटोपून उठायला गेले आणि तिथंच कलंडले. दवाखाना झाला, औषधं झाली. बोलणं लवकर परत आलं, तेही शिव्यांसकट. डाव्या पायात हळूहळू थोडा जोर आला. एकदा उभं करून दिलं की काठी टेकत घरभर हिंडायचे. घोडं पेंड खायचं ते उठण्यापाशी. खुर्चीत बसलेला माणूस काही केल्या आपला आपण उभा राहीना.

मग काय, शांतादेवी उचलायच्या. काखेत हात घालून, दात आवळून, सकाळपासून निजेपर्यंत. एवढा देह उचलायचा म्हणजे काय गंमत आहे का. श्रावण संपता संपता त्यांची कंबर धरली ती धरलीच. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, मणक्यातली चकती सरकल्याचं दाखवलं आणि सांगितलं, बाई, आता तांब्यासुद्धा वाकून उचलायचा नाही.

गणपतीत मुलगा आला. संगमेश पुण्यात इंजिनिअर, दहाव्या मजल्यावर घर. आईचं पट्टा बांधलेलं कंबरडं बघून त्याचं तोंड उतरलं. जेवणं झाल्यावर तो आईला म्हणाला, "अव्वा, दसरा झाला की दोघंही पुण्याला चला. लिफ्ट आहे, माणूस ठेवतो. इथं तुम्ही दोघंच. एक पडला की दुसऱ्याला घेऊन पडणार."

"धाव्या मजल्यावर बसून मी काय घारी मोजू?" अप्पा म्हणाले.

"घारी मोजा, पण माझ्या नजरेसमोर मोजा."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, हीच तर अडचण होती. शांतादेवींना त्या रात्री झोप लागली नाही. त्यांना जायचं नव्हतं. शाहूपुरीतलं हे घर, खिडकीखालून जाणाऱ्या माणसांनी "काय अप्पा, बरं हाय न्हवं" म्हणून मारलेली हाक, पुतण्या सोमेश दुकान बंद करून रोज सांगायला येतो ते भाव, हे सगळं काढून घेतलं तर अप्पा दहाव्या मजल्यावर किती टिकतील याची त्यांना भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही वाटत होती. सकाळी संगमेश निघताना त्यांनी त्याला दारात गाठलं.

"अप्पा आपले आपण उठले तर?"

संगमेशनं हातातली पिशवी खाली ठेवली. "माझ्या डोळ्यांसमोर उठले पाहिजेत. कुणाचा हात न लावता. तर मग तुम्ही इथंच राहा, मी परत विषय काढणार नाही."

बाईंना प्रश्न मिळाला, की त्या सोडवायला बसणारच. माजघराच्या तुळईला झोपाळ्याची जुनी कडी होती. त्यांनी सोमेशकडून तिला दुकानातली कप्पी अडकवून घेतली, कप्पीवरून दोर. दोराच्या एका टोकाला रुंद पट्टा, तो अप्पांच्या काखेखालून. दुसऱ्या टोकाला ताणकाटा, म्हणजे ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा, त्याची मूठ शांतादेवींच्या हातात. त्यांनी सरळ उभं राहून खाली ओढायचं, म्हणजे कंबरेला वाकणं नाही, आणि आपण किती ओढलं ते काटा सांगणार. व्यायाम घ्यायला येणारी अवंतिका हे बघून दारातच थबकली. "बाई, विहीर खणलीय का?" तिनं विचारलं. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळं याहून जास्त बोलली नाही. कप्पी, कडी दोनदा ओढून बघितली, पट्टा नीट बसवून दिला आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणाली, "अप्पा, उठताना पुढं झुका. नाक पायाच्या पुढं गेलं पाहिजे."

"नाक पुढंच हाय माझं, जल्मापासनं," अप्पा म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी या थाटाचा हिशेब मागितला. हिशेबाशिवाय हा माणूस स्वतःला दोरानं ओढून घेणार नव्हता. शांतादेवी समोर स्टुलावर बसल्या.

"तुम्हाला उठवायचं म्हणजे एकूण कार्य ठरलेलं. तुमचं वजन गुणिले अंग जेवढं वर जातं ती उंची. पृथ्वी खाली ओढते, तिचं कार्य उणे."

"तिला दुसरं येतंय काय."

"जमीन पायाला खालून रेटते. चांगली जोरात रेटते, पण ती जागची हलत नाही, म्हणून तिच्या नावावर शून्य. खुर्चीचंही तेच. राहिला माझा दोर. काट्यावरचा आकडा गुणिले उंची, ते माझं. एकूणातनं माझं वजा केलं की उरलं ते तुमच्या पायांचं."

अप्पांनी डोळे बारीक करून हे तोलून बघितलं. बाजारात माल पोत्यासकट काट्यावर चढवतात, मग रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात. उरेल तो खरा माल.

"म्हंजे तू बारदान," ते म्हणाले.

"असू दे. वजा करा मला. तेच तर पाहिजे."

"आणि आकडा किलोत सांग. न्यूटन बिटन घरात न्हाय चालायचा."

असं सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ अप्पा पुढं सरकून बसायचे, उजवा हात खुर्चीच्या हातावर रोवायचे, शांतादेवी दोर ओढायच्या आणि काटा जास्तीत जास्त कुठं गेला ते मोठ्यानं सांगायच्या. बावीस. बावीस. वीस. अप्पा प्रत्येक आकड्याला मान हलवायचे, सौदा ऐकल्यासारखी.

पण शरीर म्हणजे काही गुळाची ढेप नव्हे. एका सकाळी काटा अठरावर होता तो दुसऱ्या सकाळी परत एकवीसवर गेला. शांतादेवींनी आकडा सांगितला आणि अप्पांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. "बांध बोचकं," एवढंच म्हणाले. एवढ्या आवाजाचा माणूस इतक्या हळू बोललेला शांतादेवींनी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काटा अठरावर थांबला आणि शांतादेवी म्हणाल्या, "चौदा."

आयुष्यभर ज्या बाईनं प्रयोगवहीत एक आकडा मागंपुढं केला म्हणून पोरांना परत प्रयोग करायला लावला, ती बाई हे बोलली. जीभ जराही अडखळली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. काटा अप्पांच्या पाठीमागं, त्यांचं तोंड खिडकीकडं. कोण बघतंय. अप्पांनी मान हलवली आणि दुपारी दीड भाकरी खाल्ली.

आणि गंमत बघा, त्यानंतर काटा खरंच उतरायला लागला. तीनचार दिवसांत सोळा, मग पंधरा, मग खराखुरा चौदा. तोवर बाई तोंडानं रोज चौदाच सांगत होत्या. शांतादेवींना वाटलं, खोट्यानं का होईना पण माणसाला हुरूप आला. त्यांनी संगमेशला फोनवर ऐकवलंसुद्धा, "सामान आवरायची घाई करू नकोस."

घटस्थापनेआधी घरात आवराआवर निघाली. धुणंभांड्याला येणाऱ्या तानाबाईनं अप्पा आतल्या खोलीत पडलेले बघून त्यांची खुर्ची उन्हात काढली, गादीची खोळ सोडली आणि ती धुवायला घेतली. शांतादेवी अंगणात आल्या तर खुर्चीवर गादीखाली घडी केलेलं गुळाचं पोतं. त्याखाली आणखी एक. त्याखाली चौघडी घातलेली सतरंजी.

"हे काय गं?"

"मालकांनीच घालायला लावलं की," तानाबाई म्हणाली. "बूड दुखतंय म्हणालं. दोनतीन दिसांनी एकेक वाढवत गेले म्या. तुमास्नी ठावं असंल म्हणून बोलले न्हाय."

शांतादेवींनी पोत्यांच्या थप्पीवर आडवा हात ठेवून बघितला. चांगली चार बोटं उंच. वजन तेच, पण बैठकच वर आली तर उठायची उंची कमी. गुणाकारातल्या एका आकड्याकडं त्या रोज डोळे लावून बसल्या आणि दुसरा त्यांच्या नाकाखाली आक्रसत गेला. ज्या चुकीवर त्या पोरांना उभं करायच्या, तीच. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोतं तसंच हातात घेऊन त्या आत गेल्या.

"मापात पाप?" त्या म्हणाल्या. "तुम्ही? दुकानात जन्मभर कुणाला तोळ्याला फसवलं नाहीत आणि मला फसवता?"

अप्पांनी पोत्याकडं बघितलं, मग बायकोकडं. "चोराच्या उलट्या बोंबा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अठरा आलं त्या दिवशी चौदा कोण म्हणालं?"

अप्पांनी उजव्या हातानं माजघराकडं दाखवलं. तिथं खिडकीशेजारी कपाट होतं आणि कपाटाला आरसा. खुर्चीतून तो सरळ समोर यायचा. जन्म काटे बघण्यात गेलेल्या माणसाला तबकडी उलटी दिसली काय आणि सुलटी दिसली काय.

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? तू कधी खोटं बोलत न्हाईस. माज्यापायी बोललीस." अप्पा थांबले. पुढचं त्यांना जड जात होतं. "रातभर डोळ्याला डोळा न्हाय. म्हटलं, चौदा म्हणालीया ती, तर चौदा भरलं पायजे. पायात तर जोर न्हाय. मग पोतं घातलं. तुझा आकडा खरा व्हावा म्हणून."

शांतादेवी पलंगाच्या कडेला बसल्या आणि रडल्या. पदर तोंडाला लावून, चांगल्या रडल्या. रडणारी माणसं न आवडणाऱ्या बाई त्या. त्यांना राग स्वतःचा आला होता आणि माया अप्पांची, आणि दोन्ही एकदम आल्यावर दुसरं काय करणार. अप्पांनी त्यांना रडू दिलं. मग लुळा हात उजव्या हातानं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आता खरं किती ते बघू," ते म्हणाले. "आन् आरशात बघायला लावू नगंस."

पोती निघाली, सतरंजी निघाली. शांतादेवींनी दोर ओढला आणि खरा आकडा सांगितला. एकोणीस. म्हणजे एवढ्या दिवसांत जवळजवळ तिथंच. दसरा तोंडावर आला होता. अप्पांनी मान हलवली, भाकरीही खाल्ली. पण दोघांनाही कळत होतं, की असंच चाललं तर पुण्याची गाडी चुकत नाही.

त्या संध्याकाळी शांतादेवी रिकाम्या खुर्चीकडं बघत बसल्या होत्या. बल तपासलं, उंची तपासली. तिसरं काय, असं त्या वर्गात विचारायच्या आणि पोरं एका सुरात सांगायची, दिशा. त्यांनी लोंबत्या पट्ट्यावरून नजर दोराच्या बाजूनं वर नेली, कप्पीपर्यंत, आणि कपाळावर हात मारून घेतला.

अप्पांची खुर्ची खिडकीला लागून. वर्षानुवर्षं तिथंच, रस्ता दिसावा म्हणून. मालकाची खुर्ची हलवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलेलं नाही. आणि झोपाळ्याची कडी माजघराच्या मध्यावर, म्हणजे खुर्चीत बसल्यावर अप्पांच्या डोक्याच्या मागं. दोर त्यांना वर ओढत होता खरा, पण तिरका, मागंही ओढत होता. अवंतिका सांगायची पुढं झुका, आणि बायको रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना मागं खेचायची. डावा पाय बिचारा काय करणार. माणसाचा भार पायावर यायच्या आत दोर त्याला परत खुर्चीकडं नेत होता.

त्यांनी अवंतिकाला फोन लावला. कडी मागं असल्याचं सांगितलं. "मला वाटलं होतं, बाई," ती म्हणाली, "पण तुम्ही मांडलेलं म्हटल्यावर…"

"यापुढं मी मांडलेलं असलं तर आधी तपासायचं," शांतादेवी म्हणाल्या. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. धाक त्यांनीच घातला होता.

सोमेशनं खुर्ची मागं ओढली, इतकी की कडी अप्पांच्या गुडघ्यांच्याही पुढं आली. अप्पा कुरकुरले, "रस्ता दिसत न्हाय."

"पुण्याला गेलात तर कायमचाच दिसणार नाही."

दोर आता पुढं ओढू लागला. अप्पांचं नाक पायाच्या पुढं गेलं, ढुंगण उचललं गेलं आणि भार पावलांवर आला. पहिल्यांदा त्यांना धडकीच भरली, तोंडावर पडतो म्हणाले. काटा म्हणाला, पंधरा. खोटा नव्हे आणि पोत्यावरचा नव्हे. मग बारा, मग परत चौदा, मग नऊ. आकडा वाढला की शांतादेवी वाढलेलाच सांगत आणि अप्पा मान हलवून म्हणत, "बाजार हाय. चढायचा, उतरायचा." शेवटच्या दिवसांत एकदा दोर ढिला पडला. काटा जागचा हललाच नाही आणि अप्पा उभे होते. पण एकदाच. पुढच्या खेपेला परत पाच किलोची ओढ लागली.

शांतादेवींना त्या ढिल्या दोराची फार मजा वाटली आणि जरा चुटपुटही लागली. एवढे महिने हा माणूस त्यांच्या हातांनी उठत होता. कंबर गेली, पण हातांना त्याची सवय झाली होती. कुणाला सांगायची गोष्ट नव्हती ती.

दसरा झाल्यावर पहिल्याच रविवारी संगमेश आला. मोठी गाडी घेऊन आला, मागची बैठक आडवी करून त्यावर गादी टाकलेली. त्यानं खुर्चीची गादी दाबून बघितली, कारण आईनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं, पोत्यांसकट. दोर काढून गुंडाळून ठेवलेला होता. शांतादेवी अप्पांच्या समोर, थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. संगमेश बाजूला.

"चला," त्या म्हणाल्या.

अप्पांनी उजवा हात रोवला, पुढं झुकले, उचलले गेले आणि अर्ध्यातनं धप्पकन खाली बसले. खुर्ची करकरली. दुसऱ्यांदा त्याच्याही आधी बसले. कपाळावर घाम आला, डावा गाल ओढल्यासारखा झाला.

"राहू दे अप्पा," संगमेश म्हणाला. "कशाला जिवाला त्रास. मी आहे ना."

"गप रे," अप्पा म्हणाले आणि परत झुकले.

ढुंगण सुटलं. डावा पाय थडथड उडत होता आणि अंग वरही जाईना, खालीही येईना. ज्यानं अट घातली होती तोच संगमेश पुढं धावला, दोन्ही हात बापाच्या काखेकडं.

"संगमेश, हात मागं घे." हा आवाज वर्गातला होता.

"अव्वा, पडतील ते."

"पडले तर मिळून उचलू. आता लावू नकोस. त्यांचं आहे ते, त्यांना करू दे."

स्वतःचे हात शांतादेवींनी पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. धाव घ्यावी, काखेत हात घालावा, एकदा, शेवटचं, असं त्यांच्या अंगातली प्रत्येक नस सांगत होती. त्या हलल्या नाहीत. नुसत्या अप्पांच्या डोळ्यांत बघत राहिल्या.

अप्पांचं नाक पुढं आलं. आणखी पुढं. मग उजवा गुडघा सरळ झाला, त्यामागून डावा, आणि खुर्चीवरचा हात सुटला. समोर ठेवलेली काठी त्यांनी धरली आणि ते उभे राहिले. थरथरत होते, पण उभे होते.

संगमेशचे हात अजून तसेच हवेत होते. अप्पांनी पोराकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, दम घेतला, आणि यार्डातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "उभा का हाईस? बस की. पावणा हाईस तू हितला. च्या घेऊन जा."

संगमेशनं आईकडं बघितलं, मग तो बापाच्या खुर्चीत बसला.